वसंतागम आणि लोकांचा उल्हास : नीलमत, हेमाद्रि व चैत्रगौर

वसंत ऋतु आला, हवेंत ऊब आली, म्हणजे मनुष्याचें मन आपोआप प्रफुल्लित होतें, ही समजूत इतकी सर्वमान्य आहे कीं तिला पुरावा मागावा असें कोणाच्या मनांत येत नाहीं. कोणी मागितलाच, तर आम्रमंजरी, कोकिल व मलयानिल यांचीं संस्कृत काव्यांतील वर्णनें त्याच्यापुढें ठेवण्यांत येतात व वाद मिटला असें समजण्यांत येतें. परंतु कविसंकेत हा इतिहासाचा पुरावा नव्हे. पाऊस पडो वा न पडो, कवीचा मोर वर्षाकालीं नाचतोच. त्याचप्रमाणें अंगाची लाही होत असली तरी त्याचा वसंत सुखकरच असतो. तेव्हां आपल्या पूर्वजांस वसंतागमीं काय वाटत होतें, व जें वाटत होतें तें कशामुळें, हें पाहावयाचें असेल, तर काव्यें क्षणभर बाजूस ठेवून, लोकांनीं या दिवसांत काय करावें हें ज्यांत सांगितलें आहे असे ग्रंथ उघडले पाहिजेत. स्थलपुराण, धर्मनिबंध व वैद्यक हे ते तीन वर्ग होत. या तिहींची साक्ष घेतली असतां असें दिसून येतें कीं, वसंताचा आनंद हा नुसत्या उबेचा परिणाम नसून कशाच्या तरी जाचांतून झालेली सुटका आहे; ती सुटका लोकांनीं मिळून साजरी करावी लागते; आणि जाच बदलला कीं उत्सवाचें रूपहि बदलतें. काश्मिरांत थंडी सरली म्हणून जें घडतें, तें महाराष्ट्रांत ऊन वाढलें म्हणून घडतें. हें विधान साधार मांडणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. काश्मीर : घरीं परतण्याचा ऋतु

प्रथम काश्मीर घेऊं. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारें १,६०० मीटर उंचीवर आहे. तेथील हिवाळा म्हणजे केवळ गारवा नव्हे. डिसेंबराच्या अखेरीपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडक थंडीस तेथील लोक चिल्ला-इ-कलान म्हणतात. त्या काळांत पाणी गोठतें, घाट बर्फानें बुजतात आणि मनुष्य घरांत कोंडला जातो. अशा देशाचें स्थलपुराण तें नीलमतपुराण. विद्वान् लोक तें सामान्यतः ६ व्या ते ८ व्या शतकांतील मानतात. कल्हणानें राजतरंगिणी (११४८-५०) रचितांना याच ग्रंथाचा आधार घेतला होता.

या ग्रंथाकडे आधुनिक विद्वानांचें लक्ष वेधण्यांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत असलेले डॉ. ब्यूलर हे १८७५ सालीं पोथ्यांच्या शोधार्थ काश्मिरांत गेले. त्यांचा विस्तृत अहवाल १८७७ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाचा जादा अंक म्हणून प्रसिद्ध झाला व त्यांत नीलमताचें महत्त्व त्यांनीं विशद केलें. त्या प्रवासांत मिळालेल्या पोथ्या पुण्यास डेक्कन कॉलेजांत आल्या आणि १९१८ सालीं त्या सरकारी संग्रहाबरोबर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाल्या. भूर्जपत्रावरील त्या पोथ्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांस काश्मीरच्या थंडीचा हा विषय अगदींच परका वाटणार नाहीं.

नीलमतांतील मूळ कथा अशी : सतीसर नांवाचें सरोवर आटवून कश्यपानें भूमि वसविली, परंतु तिच्यांत मनुष्यांस बारमाही राहण्याची मुभा नव्हती. सहा महिने मनुष्यांचे व सहा महिने पिशाचांचे अशी वांटणी होती. आश्विनांत धान्य घरांत आलें कीं मनुष्यांनीं देश सोडून जावें आणि चैत्रांत परत यावें. मधल्या काळांत निकुंभाचे पिशाच तेथें राहत. पुढें चंद्रदेव नांवाचा एक वृद्ध ब्राह्मण इतरांबरोबर न जातां मागें राहिला. त्यानें तो भयंकर हिवाळा काढला व नागराज नील याला प्रसन्न करून घेतलें. नीलानें सांगितलेले आचार पाळल्यास मनुष्यांस बाराहि महिने येथें राहतां येईल, असा वर त्याला मिळाला. नीलमतांतील व्रतें व उत्सव हे तेच आचार होत.

ही कथा अक्षरशः इतिहास आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु तिच्यांत लोकांची जी भावना सांठविलेली आहे तिच्या खरेपणाविषयीं शंका नको. चैत्र म्हणजे पिशाच निघून जाण्याचा व आपण आपल्या घरीं परतण्याचा महिना! ज्यांच्या स्मृतींत वसंताचा अर्थ असा आहे, त्यांस फुलें पाहून आनंद झाला तर तो फुलांचा नव्हे, फुलांच्या रूपानें परत मिळालेल्या घराचा आनंद होय. म्हणूनच चैत्रांतील उत्सवांत नीलमत लोकांस घराबाहेर काढतें. इरा नांवाच्या वनस्पतीच्या फुललेल्या वाटिकांत जाऊन तिच्या मंजरीनें देवांची पूजा करावी, ती एकमेकांस द्यावी, गीतवाद्यनृत्य करावें, असें विधान आहे. त्रयोदशीस पटावर काढलेल्या कामदेवाची पूजा सांगितली असून त्या दिवशीं पतीनें स्वतः पत्नीस स्नान घालावें असें म्हटलें आहे. पौर्णिमेस निकुंभ देशाबाहेर निघतो. त्याची पूजा करून त्याला रीतसर निरोप द्यावयाचा असतो. ज्याच्या भयानें हिवाळा काढला त्याला घालवून देतांनाहि अनादर नाहीं, हें या आचाराचें वैशिष्ट्य आहे.

येथेंच एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्याच नीलमतांत पहिलें बर्फ पडेल त्या दिवशींहि उत्सव करण्यास सांगितलें आहे. उबदार वस्त्रें घालून, इष्टमित्रांसह नवें मद्य घेऊन, गीतवाद्यांत तो दिवस घालवावा, असा त्याचा विधि आहे. उबेनें मन उल्हसित होतें व थंडीनें खिन्न होतें एवढेंच जर सत्य असतें, तर हिमपाताचा उत्सव संभवता ना. थंडीच्या तोंडावर लोकांचें मन खचूं नये म्हणून एक उत्सव, आणि थंडी संपल्यावर तें मोकळें व्हावें म्हणून दुसरा, असा हा विचारपूर्वक केलेला बंदोबस्त आहे.

चैत्रांतील फुलांचा हा छंद पुढें राज्यें बदललीं तरी टिकला. श्रीवराच्या राजतरंगिणींत सुलतान जैनुल-आबिदीन (कारकीर्द १४२० ते १४७०) हा चैत्रांतील पुष्पोत्सव पाहावयास गेल्याचें विस्तृत वर्णन आहे. राजा मुसलमान, वर्णन करणारा पंडित, व ग्रंथ संस्कृत, असा हा योग आहे. ऋतु हा सर्वांचा असतो याची ती साक्ष समजावी.

२. देवगिरी : हेमाद्रि व ढुंढेची कथा

आतां दक्षिणेकडे वळूं. देवगिरीच्या महादेव (१२६१-१२७१) व रामचंद्र (१२७१-१३११) या यादव राजांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि याच्या चतुर्वर्गचिंतामणींतील व्रतखंडांत भविष्योत्तरपुराणांतील होलिकोत्सवाचें प्रकरण उतरून घेतलेलें आहे. त्यांतील कथा श्रीकृष्ण युधिष्ठिरास सांगत आहे. रघुराजाच्या राज्यांत ढुंढा नांवाची राक्षसी मुलांस पीडा देऊं लागली. देव, मनुष्य वा शस्त्र यांपासून, तसेंच थंडी, ऊन व पाऊस यांपासून आपणांस मरण नसावें, असा वर तिनें शंकराकडून मिळविला होता. परंतु वर देतांना शंकरानें एक पळवाट राखून ठेविली : वेड्यासारख्या धांवणाऱ्या पोरांपासून तुला भय राहील! तेव्हां पुरोहितानें रघूस उपाय सांगितला. फाल्गुन शुद्ध पौर्णिमेस शीतकाल संपतो व दुसऱ्या दिवशीं सकाळीं ग्रीष्म लागतो. म्हणून त्या दिवशीं राजानें लोकांस अभय द्यावें. त्यांनीं निःशंकपणें हंसावें, खेळावें. पोरांनीं लांकडी तरवारी घेऊन आनंदानें बाहेर पडावें. लांकडें व गोवऱ्या यांची रास पेटवावी. तिच्याभोंवतीं तीन फेऱ्या घालून गावें, हंसावें, व ज्याला जें वाटेल तें त्यानें बोलावें.

या उताऱ्यांतील दोन शब्दांकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. पहिला शब्द 'ग्रीष्म'. शीतकाल गेला म्हणजे वसंत येईल असें पुराणकार म्हणत नाहीं. उद्यां सकाळपासून ग्रीष्म, असें म्हणतो. षड्ऋतूंच्या शास्त्रीय गणनेंत हें बसत नाहीं. परंतु फाल्गुनाच्या अखेरीस दख्खनच्या पठारावर ज्यानें एक दुपार काढली आहे, त्याला तें बरोबर बसतें. आपल्याकडे थंडी व उन्हाळा यांच्यामध्यें वसंत असतो, तो पंचांगांतच अधिक.

दुसरा शब्द 'अभय'. आनंद हा ऋतूनें दिला असें येथें म्हटलेलें नाहीं. तो राजानें द्यावयाचा आहे. ऋतु बदलला हें निमित्त. लोकांच्या मनावरील दडपण काढून टाकणें हें राजाचें कर्तव्य. ज्या ढुंढेवर देवांचे व मनुष्यांचे उपाय चालत नाहींत, ती पोरांच्या आरड्याओरड्यानें पळते, या कथेंतील मर्म हेंच कीं वर्षभर दाबून ठेविलेला हंशा व बोलणें एक दिवस मोकळें सुटलें पाहिजे. होळीच्या शिमग्यास रानटीपणा म्हणून नाकें मुरडणाऱ्यांनीं हा उतारा एकवार वाचावा. बीभत्सपणाचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु ती मोकळीक दारूबाज टोळक्यांनीं मागाहून घुसडलेली नसून हेमाद्रीसारख्या मान्य निबंधकारानें प्रमाण म्हणून घेतलेली आहे, एवढें नमूद केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

अभयाचें हें तत्त्व हेमाद्रीच्याहि पूर्वीचें आहे. हालाच्या गाथासप्तशतींत, म्हणजे सातवाहनांच्या व महाराष्ट्री प्राकृताच्या परंपरेंत, फाल्गुनोत्सवांत चिखल फांसण्याचा उल्लेख असून त्या दिवशीं तें कृत्य निर्दोष समजलें जाई असें तेथें म्हटलें आहे. श्रीहर्षाच्या रत्नावलींत (७ वें शतक) कौशांबीच्या राजवाड्याच्या गच्चीवरून वत्सराज नगरांतील मदनोत्सव पाहतो. रस्ते पिवळ्या चूर्णानें भरले आहेत, पिचकाऱ्यांतून पाणी उडत आहे, कोणी कोणाची भीड धरीत नाहीं. आणि थेट मराठी साक्ष पाहिजे असल्यास टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्यानें १८०९ सालीं दौलतराव शिंद्यांच्या छावणींतून लिहिलेलीं पत्रें पाहावीं. तीं १८१३ सालीं लंडनमध्यें छापलीं गेलीं. छावणी राजपुतान्यांत होती, शिपायांचे पगार थकलेले होते, पैशासाठीं धरणीं धरलीं जात होतीं. तरीहि होळीचा रंग झालाच. ब्रॉटन व त्याचे सहकारी रंगास गेले असतां महाराजांनीं आग विझविण्याच्या बंबाची नळी स्वतः हातांत घेऊन पिवळ्या पाण्यानें सर्वांस न्हाऊं घातलें, असें तो लिहितो. येथें हवेपेक्षां रीतीचाच प्रभाव अधिक दिसतो. पगार न मिळालेल्या शिपायास फाल्गुनाच्या वाऱ्यानें काय दिलें असेल तें असो. एक दिवस धन्यासहित सर्व भिजलेले त्यानें पाहिले, हें मात्र निश्चित.

३. वैद्यांची साक्ष

काव्यांतील वसंत सुखाचा. वैद्यकांतील वसंत रोगाचा! चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा ६ वा अध्याय व वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतील सूत्रस्थानाचा ३ रा अध्याय यांत ऋतुचर्या सांगितली आहे. हिवाळ्यांत शरीरांत सांचलेला कफ वसंतांतील सूर्यकिरणांनीं वितळतो, जठराग्नि मंद करतो व अनेक व्याधि उत्पन्न करतो, असें दोन्ही ग्रंथांचें मत आहे. अंग जड होणें, भूक मंदावणें, झोंप येणें, हीं या दिवसांचीं लक्षणें आपणहि अनुभवतों. त्यावर उपाय म्हणून वमनादि शोधन, व्यायाम, उटणें, हलकें व रूक्ष अन्न हीं सांगितलीं आहेत; जड, आंबट, गोड व स्निग्ध पदार्थ आणि दिवसाची झोंप हीं वर्ज्य केलीं आहेत.

येथपर्यंत सर्व औषधयोजना झाली. परंतु वाग्भट पुढें दुपार कोठें व कशी घालवावी हेंहि सांगतो : दक्षिणेकडील वारा येत असेल, भोंवतीं पाणी असेल, सूर्य दिसत नसेल वा पानांतून जेमतेम दिसत असेल, कोकिल बोलत असतील व नाना फुलें फुललीं असतील अशा वनांत, मित्रांसह, चित्रविचित्र गोष्टी बोलत. म्हणजे कवींनीं जी सामग्री वसंतसुखाचें कारण म्हणून वर्णिली, तीच वैद्यानें पथ्य म्हणून लिहून दिली आहे! पथ्य सांगावें लागतें तें जें आपोआप घडत नाहीं त्याविषयीं. वसंतांत मनुष्य सहजच आनंदी झाला असता, तर त्याला झाडाखालीं बसून मित्रांशीं बोलावें असें सांगण्याचें वैद्यास कारण नव्हतें.

आणि आतां हेमाद्रीकडे पुन्हा पाहावें. याच अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नांवाची टीका लिहिणारा पुरुष चतुर्वर्गचिंतामणिकार हेमाद्रिच होय. होळीच्या दिवशीं लोकांस अभय द्यावें हें प्रमाण ज्यानें व्रतखंडांत घातलें, त्याच्याच अभ्यासांत वसंतांतील जाड्य घालविण्याचें हें पथ्यहि होतें. एका ग्रंथाचा दुसऱ्याशीं संबंध त्यानें स्वतः जोडला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु धर्म व वैद्यक हीं दोन्ही शास्त्रें एकाच ऋतुसंधीस एकच सांगत आहेत, बाहेर पडा, हालचाल करा, हंसा, बोला, हें देवगिरीच्या त्या बहुश्रुत मंत्र्याच्या ग्रंथसंभारांत शेजारींशेजारीं वाचावयास मिळतें. धर्मसिंधु (शके १७१२) या पंढरपुरास झालेल्या ग्रंथांतहि होळीच्या दुसऱ्या दिवशीं वसंतारंभ म्हणून तैलाभ्यंग व चंदनासह आंब्याचा मोहोर खाण्याचा विधि आहे. उत्सव कोणता व उपचार कोणता, हें येथें वेगळें काढतां येत नाहीं.

४. तिथि व ऋतु यांतील अंतर

जुन्या वर्णनांचा हवेशीं मेळ घालतांना संशोधकांकडून एक चूक वारंवार होते, तिचा निर्देश येथें केला पाहिजे. आपलें पंचांग निरयन आहे. त्यामुळें सुमारें ७२ वर्षांत एक दिवस या मानानें आपले महिने ऋतूंच्या मानानें पुढें सरकत आहेत. हा विषय कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासांत (१८९६) मराठी वाचकांस कायमचा समजावून दिला आहे. या मानानें हेमाद्रीच्या काळची फाल्गुनी पौर्णिमा आजच्यापेक्षां सुमारें १० ते ११ दिवस, व श्रीहर्षाच्या काळचा चैत्र सुमारें १९ ते २० दिवस आधीं येत असे. म्हणून रत्नावलींतील मदनोत्सवाची हवा ज्याला अनुभवावयाची असेल त्यानें आजच्या चैत्रांत नव्हे, फाल्गुनांत बाहेर पडावें. तिथि तीच राहिली, तिच्याखालचा ऋतु मात्र सरकला.

याचा परिणाम असा कीं, उत्तरेच्या व प्राचीनांच्या वसंतोत्सवाची तिथि आपण पाळतों, तेव्हां पुण्यासारख्या ठिकाणीं एप्रिलमध्यें दिवसाचें सरासरी कमाल तपमान ३८ अंशांच्या घरांत गेलेलें असतें. उबेचें स्वागत करावें असे ते दिवस नव्हेत. मग उत्सव बंद कां पडला नाहीं? उत्तर असें कीं, तो बंद न पडतां बदलला.

५. झोंपाळा व चैत्रगौर

वसंतोत्सवाचें एक अंग म्हणजे झोंपाळा. सुरगुजा प्रदेशांतील रामगढ टेकडीवरच्या सीताबेंगा लेण्यांतील ब्राह्मी लेखाचें ब्लॉख यांनीं केलेलें वाचन ग्राह्य धरल्यास, इसवी सनापूर्वींच वासंती पौर्णिमेच्या दोलोत्सवाचा उल्लेख मिळतो. कालिदासाचें मालविकाग्निमित्र हें वसंतोत्सवांत प्रयोगासाठीं आलें असें त्याच्या प्रस्तावनेंतच म्हटलें असून, त्यांत राणी इरावती राजाबरोबर झोंपाळ्यावर बसण्याची इच्छा धरते.

परंतु आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते ती राजशेखराची साक्ष. याचा पणजा अकालजलद हा महाराष्ट्रचूडामणि म्हणविला जाई, हें राजशेखर स्वतःच सांगतो. इ. स. ९०० च्या सुमारास त्यानें रचिलेल्या कर्पूरमंजरी सट्टकाची नायिका कुंतलराजाची कन्या असून ती विदर्भांतील वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम, येथून आणलेली आहे. त्याच्या दुसऱ्या जवनिकांतरांत हिंदोलन-चतुर्थीचा प्रसंग येतो. गौरीपूजेच्या संबंधानें राणी कर्पूरमंजरीस झोंपाळ्यावर बसविते. गौरी व झोंपाळा यांची सांगड येथें स्पष्ट आहे. त्यानंतर सव्वाशें वर्षांनीं, १०३० च्या सुमारास, अल्बेरुनीनें हिंदूंच्या सणांची जी यादी दिली तिच्यांत चैत्र शुद्ध एकादशीस वासुदेवाच्या मूर्तीस झोंका देण्याचा उत्सव आहे. आणि वैशाख शुद्ध तृतीयेस स्त्रियांचा एक सण आहे, त्यांत त्या स्नान करून, नटून, गौरीची पूजा करतात, तिच्यापुढें दिवे लावतात, उपोषण करतात व झोंपाळ्यावर खेळतात.

वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्यतृतीया. महाराष्ट्रांतील घरोघर चैत्र शुद्ध तृतीयेस जी गौर झोंपाळ्यावर बसते, ती याच दिवशीं उठते! अल्बेरुनीच्या नोंदीशीं हा दिवस, ही देवता, हा झोंपाळा व हा स्त्रियांचा सण, हीं चारहि जुळतात. ही परंपरा सरळ एका धाग्यानें आली असें सिद्ध करण्यास मधल्या शतकांतील अधिक नोंदी पाहिजेत. परंतु साम्य योगायोगाचें नाहीं असें म्हणण्यास एवढें पुरेसें आहे.

आतां या गौरीच्या हळदीकुंकवाचें साहित्य पाहा. कैरी घातलेली वाटली डाळ, कैरीचें पन्हें, भिजविलेल्या हरभऱ्यांची ओटी, वाळ्याचा पंखा, गुलाबपाणी, मोगऱ्याचे गजरे, अंगणांत चैत्रांगण. यांतील जवळजवळ प्रत्येक वस्तु निवविणारी आहे. काश्मीरच्या चैत्रांत लोक कोंडलेल्या घरांतून उन्हांत जातात. महाराष्ट्राच्या चैत्रांत स्त्रिया उन्हें उतरल्यावर एकमेकींच्या माजघरांतील गारव्यांत येतात. तेथें सुटका थंडीपासून, येथें उन्हापासून. झोंपाळा दोहींकडे जुळतो, कारण तो खेळहि आहे व वाराहि आहे. उत्तरेकडील राजोद्यानांतला दोला मराठी घरांत येऊन पितळी सांखळ्यांचा, हातभर लांबीचा गौरीचा पाळणा झाला, व कोणी न सांगतां त्यानें आपलें काम बदललें.

आणखी एक गोष्ट. सासरच्या रामरगाड्यांत वर्ष काढणाऱ्या स्त्रियांस या एका महिन्यांत रोज कोणाच्या ना कोणाच्या घरीं जाण्याचा हक्क मिळे. ढुंढेच्या कथेंत राजानें पोरांस जें अभय दिलें, तेंच चैत्रगौरीनें घरच्या लेकीसुनांस दिलें असें आम्हांस वाटतें. या सणाच्या आनंदाचें खरें कारण शोधावयाचें तर तें हवेपेक्षां येथेंच सांपडेल.

६. दुसरी बाजू

वसंताचें बळ किती, हें तो जेथें हरतो तेथें कळतें. शाकुंतलाच्या ६ व्या अंकांत, अंगठी मिळाल्यावर पश्चात्तापानें पोळलेल्या दुष्यंतानें त्या वर्षीं वसंतोत्सवच बंद केला आहे. आंब्याचा मोहोर तोडणाऱ्या दोन उद्यानपालिका, नव्यानें आल्यामुळें त्यांस आज्ञा ठाऊक नसते, आणि कंचुकी त्यांस दटावतो. मोहोर आला आहे, हवा आली आहे, मनुष्यें उत्सुक आहेत. परंतु राजाकडून अभय नाहीं, म्हणून उत्सव नाहीं. गाथासप्तशतींतहि ज्या मोहोरानें एकीस हर्ष होतो, त्याच मोहोरानें प्रवाशाच्या पत्नीचा धीर सुटतो. ऋतु मनाचा धनी नसून फार तर त्याचा साह्यकारी आहे, हें आपल्या कवींनींहि ओळखलें होतें. आपण मात्र त्यांच्या वर्णनांतील सुखाचा भाग तेवढाच उचलतों.

आधुनिक मानसशास्त्राचा निष्कर्षहि याहून फार निराळा नाहीं. मॅथ्यू केलर व मिशिगन विद्यापीठांतील त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, वसंतांतील ऊबदार दिवशीं अर्ध्या तासाहून अधिक वेळ बाहेर घालविणाऱ्यांचें चित्त अधिक प्रसन्न होतें; घरांत बसून राहणाऱ्यांचें होत नाहीं, उलट खालावतें; आणि उन्हाळ्यांतील अधिक उष्णतेनें प्रसन्नता वाढत नाहीं, घटतेच. नीलमतानें इरावाटिकेंत जावयास सांगितलें, वाग्भटानें सूर्य न दिसणाऱ्या वनांत बसावयास सांगितलें, व आमच्या आजींनीं पन्हें पाजलें. तिहींचा आशय या निष्कर्षांत येऊन जातो.

७. उपसंहार

वरील साधनांवरून आम्ही तीन गोष्टी निश्चित समजतों. वसंताचा उल्हास हा देशपरत्वें भिन्न जाचांतून सुटण्याचा उल्हास आहे. तो ऋतूनें सुरू केला तरी पूर्ण केला लोकांनीं, आणि त्यासाठीं धर्मशास्त्र व वैद्यक या दोघांनींहि नियम घालून दिले. आणि उत्सवाची तिथि व त्याची हवा यांचा जुना मेळ आतां राहिलेला नसल्यामुळें, तिथीवरून मनःस्थितीचें अनुमान करणें सावधपणाचें काम आहे.

शेवटीं संग्राहक मंडळींस एक विनंति. धर्मनिबंधांच्या पोथ्या ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. परंतु चैत्रगौरीचीं गाणीं, आरतीच्या वह्यांच्या पाठपानांवर उतरलेले उखाणे, घरखर्चाच्या कीर्दींतील चैत्राच्या नोंदी, हळदीकुंकवास कोणास बोलावलें त्यांच्या याद्या, हे कागद रद्दीच्या भावानें जात आहेत. ज्या घरांत वाटली डाळ करणारी शेवटची पिढी आहे त्या घरांत हे कागदहि शेवटचेच आहेत. लढायांचीं व सनदांचीं दप्तरें आपण जिवापाड जपतों, तें योग्यच आहे. पण एखाद्या वर्षीं दुष्काळ असतां, वा घरांतील कर्ता पुरुष मोहिमेंत पडला असतां, गौर मांडली कीं नाहीं, हें जर आपणांस कधीं कळावयाचें असेल, तर तें या चिटोऱ्यांवरूनच कळेल. मोहोर दर वर्षीं येतो, त्याची नोंद कोणी ठेवावी लागत नाहीं. तो पाहून लोक खरोखर हंसले कीं नाहींत, याची मात्र ठेवावी लागते. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते रद्दींत घालण्यापूर्वीं त्यांची नक्कल तरी करून ठेवावी, अशी आमची प्रार्थना आहे.